‘सोबत काय घ्यावं लागेल?’ : गुगलच्या टीव्ही तडजोडीचं प्रकरण

निफाडचा माझा मावसभाऊ खताच्या दुकानातून परतला की युरिया किती मिळाला हे आधी सांगत नाही, सोबत काय घ्यावं लागलं ते सांगतो. दोन गोण्यांमागे सूक्ष्म अन्नद्रव्यांचा एक पुडा, नाहीतर कसल्यातरी टॉनिकची बाटली. नको म्हटलं की दुकानदार म्हणतो, “मग युरिया संपलाय, भाऊ.” या प्रकाराला जिल्हाभर एकच शब्द आहे, लिंकिंग. कृषी खातं खरीप आला की लिंकिंग करू नका म्हणून बजावतं, आणि पहिल्या पावसानंतर गोदामाच्या कोपऱ्यात त्या बाटल्या दिसतातच.

नाशिकला कायद्याच्या मुलांना मी स्पर्धा कायदा शिकवतो, तेव्हा सुरुवात या बाटलीपासूनच करतो. पुस्तकात याला लांबलचक शब्द आहेत. पण वर्गातली निम्मी मुलं दिंडोरी, सिन्नर, चांदवडकडची असतात. त्यांना ‘वर्चस्वाचा गैरवापर’ समजावायला अर्धा तास लागतो, लिंकिंग मात्र समजावावंच लागत नाही.

यंदा पूर्ण प्रकरण म्हणून मी गुगल आणि अँड्रॉइड टीव्हीचं घेतलं. भारतीय स्पर्धा आयोगाने २१ एप्रिल २०२५ ला या प्रकरणात गुगलचा तडजोडीचा प्रस्ताव स्वीकारला. २०२३ च्या कायदादुरुस्तीने तडजोडीची वाट उघडली, तिच्यावरून पार पडलेलं हे देशातलं पहिलं प्रकरण. बातमीत लोकांनी आकडा पाहिला, २०.२४ कोटी रुपये, आणि पान उलटलं. मला मात्र त्या आकड्यापेक्षा त्याच्यासोबत काय सुटलं आणि काय बांधलेलंच राहिलं, यात जास्त रस आहे.

मुळात भांडण कशाचं?

अँड्रॉइड फुकट आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ते खरंही आहे. त्याची मूळ आवृत्ती खुली आहे, कोणीही घ्यावी आणि टीव्हीत बसवावी. एम. जी. रोडवर दसऱ्याच्या सुमाराला जे स्वस्तातले ‘स्मार्ट’ टीव्ही येतात, त्यातल्या बऱ्याच टीव्हींत हेच नुसतं अँड्रॉइड असतं. माझ्या ओळखीचे एक दुकानदार त्याला ‘लोकल अँड्रॉइड’ म्हणतात. त्यावर यूट्यूबसारखं काहीतरी चालतं, पण नेटफ्लिक्स धड चालत नाही, एखादं अॅप अपडेट होत नाही, आणि तीन महिन्यांनी गिऱ्हाईक टीव्ही खांद्यावर घेऊन दुकानात हजर होतं. कारण अॅप बनवणाऱ्यांनी आपली अॅप्स प्ले स्टोअरवर ठेवलेली असतात आणि त्यातली पुष्कळशी प्ले सर्व्हिसेस नावाच्या गुगलच्या पडद्यामागच्या यंत्रणेवर उभी असतात. हे दोन्ही खुल्या अँड्रॉइडमध्ये येत नाहीत. ते गुगलकडून घ्यावे लागतात, करार करून.

म्हणजे अँड्रॉइड ही फुकटची गोणी. तिच्यावर पीक उभं करायला लागतं ते प्ले स्टोअर. आणि प्ले स्टोअर मागायला गेलं की पुढचा प्रश्न येतो : सोबत काय घ्यावं लागेल?

टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांना त्यासाठी गुगलचे दोन करार करावे लागत. पहिला टीव्हीसाठीच्या अॅप्सच्या वितरणाचा. त्यात प्ले स्टोअर सुटं मिळत नसे. गुगलच्या टीव्ही अॅप्सचा पूर्ण संच घ्यायचा, तो आधीपासून टीव्हीत घालून द्यायचा आणि पडद्यावर ठरलेल्या जागी ठेवायचा. दुसरा करार ‘अँड्रॉइड सुसंगतते’चा, आणि मला विचाराल तर खरी गोम या दुसऱ्यातच आहे.

सिन्नर फाट्यावर जसा रस्त्याला फाटा फुटतो, तसा खुल्या अँड्रॉइडलाही फाटा काढता येतो. मूळ माल तोच, पुढे आपल्याला हवा तसा घडवायचा. अॅमेझॉनचं फायर टीव्ही हे अशा फाट्याचं सगळ्यांना दिसणारं उदाहरण. सुसंगततेच्या कराराने टीव्ही कंपनीला असा फाटा वापरण्याची मनाई होत होती. तक्रारीतला मुद्दा असा होता की ही मनाई एका मॉडेलपुरती थांबत नव्हती, ती कंपनीच्या साऱ्या उपकरणांवर पडत होती. एका कंपनीने दहा मॉडेलं गुगलसह काढली आणि अकरावं फायर टीव्हीवर काढायचं म्हटलं, तर पहिली दहाही अडचणीत.

पहिल्या करारात एका वस्तूवर दुसरी वस्तू लादली जाते, हे सरळ लिंकिंग झालं. दुसऱ्या कराराचा अर्थ असा, की माझा युरिया घेतलास तर शेजारच्या दुकानात पाऊलही टाकायचं नाही. निफाडच्या दुकानदाराने अजून इतकी मजल मारलेली नाही.

२०२० ते २०२५

आयोगाकडे ‘माहिती’, म्हणजे साध्या भाषेत तक्रार, दाखल झाली २०२० मध्ये. दाखल करणारे दोन नागरिक होते, टीव्ही कंपनी नव्हे. तक्रारीत गुगलबरोबर शाओमी आणि टीसीएल यांचीही नावं होती. वर्गातल्या एकाने लगेच विचारलं, “सर, त्या दोन नागरिकांचं काय नुकसान झालं होतं?” काही नाही. आणि व्हावंही लागत नाही. ओला-उबरच्या दरांवरून झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केलं, की आयोगाकडे माहिती घेऊन कोणीही जाऊ शकतो, स्वतःचा खिसा कापला गेलेलाच असला पाहिजे असं नाही. यामागचा व्यवहार उघड आहे. टीव्ही कंपनीला उद्या पुन्हा त्याच गुगलच्या दारात जायचं असतं. युरियासाठी रांगेत उभा असलेला शेतकरी तालुका कृषी अधिकाऱ्याला फोन लावत नाही, तसंच.

जून २०२१ मध्ये आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं आणि त्याने आपल्या महासंचालकांना चौकशी सांगितली. चौकशीत दोन बाजारपेठा आखल्या गेल्या. एक, परवान्यावर मिळणाऱ्या स्मार्ट टीव्ही ऑपरेटिंग सिस्टिमची, दुसरी, अँड्रॉइड टीव्हीसाठीच्या अॅप स्टोअरची, आणि दोन्ही भारतापुरत्या. बाजारपेठ आखणं हे कंटाळवाणं कलम वाटतं, पण निम्मा खटला तिथेच जिंकला किंवा हरला जातो. पहिल्या व्याख्येतला ‘परवान्यावर मिळणाऱ्या’ हा शब्द बघा. अॅपलची टीव्ही सिस्टिम त्याने सहज बाजूला पडते, कारण दुसऱ्या टीव्ही कंपनीला गुगलऐवजी अॅपलची सिस्टिम घेऊ म्हणता येत नाही. दोन्ही बाजारांत गुगल वर्चस्वात असल्याचा आणि त्या वर्चस्वाचा गैरवापर झाल्याचा निष्कर्ष चौकशीने काढला.

आपल्या कायद्यात मोठं असणं हा दोष नाही, हेही इथेच सांगून टाकतो. कलम ४ मोठेपणाला हात लावत नाही, मोठेपणाच्या जोरावर घातलेल्या अटींना लावतं.

मग लढायचं सोडून तडजोड का?

इथे वर्गात दोन तट पडले. एक म्हणे गुगल घाबरलं, दुसरा म्हणे आयोग थकला. मी फळ्यावर गुगलची आधीची दोन खाती मांडली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने अँड्रॉइड मोबाइलच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्याच महिन्यात, प्ले स्टोअरवरचे पैसे गुगलच्याच यंत्रणेतून भरण्याच्या सक्तीवरून ९३६.४४ कोटींचा आणखी एक. पहिल्या प्रकरणात अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड पूर्ण कायम ठेवला, पण आयोगाने दिलेले चार निर्देश रद्द केले. दुसऱ्यात मार्च २०२५ मध्ये दंड उतरून २१६.६९ कोटींवर आला. म्हणजे आयोगाने आकडा लिहायचा, अपिलात तो कधी टिकायचा, कधी चौथाईच्याही खाली यायचा, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा रस्ता आहेच. आयोगाच्या बाजूने पाहिलं तर पाच वर्षं जुन्या टीव्ही प्रकरणात आणखी पाच वर्षं घालवायची का, हा प्रश्न रास्तच होता. टीव्हीच्या बाजारात पाच वर्षं म्हणजे एक युग. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर जिओनेही टेलिओएस नावाची स्वतःची टीव्ही ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर केली.

गुगलचं गणितही फारसं अवघड नाही. मोबाइलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आयोगाच्या आदेशाला स्थगिती नाकारली, आणि त्याच महिन्यात गुगलने भारतातल्या फोन कंपन्यांसाठी आपली अॅप्स सुटी द्यायचं जाहीर केलं. फोनवर एकदा गाठ सोडल्यावर टीव्हीवर तीच गाठ आवळून धरण्यात कोणाचा काय फायदा? जे आज ना उद्या द्यावंच लागणार ते आजच दिलं आणि खटल्याचा खर्च व बदनामी वाचवली. माझ्या मते यात घाबरण्याचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. नाशिकच्या कोर्टात निम्मे दिवाणी दावे याच हिशेबाने मिटतात, फक्त तिथे तडजोडपत्रावर सही व्हायच्या आधी दोन्ही पक्ष एकदा चहाला जातात.

कायद्यातली चौकट थोडक्यात. कलम ४८ अ ची तडजोड चौकशीचा अहवाल हातात पडल्यानंतर आणि आयोगाचा अंतिम आदेश होण्याआधी मागायची. अहवालाच्याही आधी मागायची असेल तर ४८ ब, तिला वचनबद्धता म्हणतात. संगनमत करून भाव ठरवणाऱ्या टोळक्यांना दोन्ही दारं बंद. लिंकिंगसारख्या करारांना आणि वर्चस्वाच्या प्रकरणांनाच ती खुली आहेत. तडजोडीच्या आदेशावर अपील नाही, गुगललाही नाही आणि तक्रारदारांनाही नाही. रकमेत १५ टक्के सूट मिळते. २०.२४ कोटी हा सुटीनंतरचा आकडा आहे, मूळचा सुमारे २३.८ कोटी भरतो.

काय सुटलं

गुगलने दिलेला प्रस्ताव ‘नव्या भारत करारा’च्या नावाने आहे. त्यात दोन गोष्टी ठळक. प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस आता भारतातल्या अँड्रॉइड टीव्हींसाठी सुटे घेता येतील, फी भरून. बाकीचा संच घेण्याची किंवा तो ठरावीक जागी ठेवण्याची अट त्यात नाही. दुसरं म्हणजे, ज्या टीव्हींत गुगलची अॅप्स नाहीत, अशा भारतात येणाऱ्या टीव्हींसाठी सुसंगततेच्या कराराची गरज नाही. म्हणजे दहा मॉडेलं गुगलसह आणि अकरावं फाट्यावरच्या अँड्रॉइडचं, हे आता चालतं. शिवाय खुलं अँड्रॉइड वापरायला गुगलच्या परवान्याची गरजच नाही, हे गुगलने आपल्या इथल्या टीव्ही भागीदारांना पत्राने कळवायचं आहे. हे शेवटचं वाचून एक मुलगी हसली. “जे आधीपासूनच खरं होतं ते कळवायला पत्र?” हो. बाजारात कित्येकदा अट कागदावर असते त्याहून डोक्यात जास्त घट्ट बसलेली असते. युरियाबरोबर काहीही घेणं सक्तीचं नाही, ही पाटी दुकानाबाहेर लावायला लावतात ती याचसाठी.

मुदत पाच वर्षं.

काय सुटलं नाही

माझी अडचण ‘फी भरून’ या दोन शब्दांपाशी आहे. पूर्ण संच घेतला तर तो आजवर पैशांविना मिळत आला. सुटं घ्यायचं तर पैसे. युरोपातही हेच झालं होतं. २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने अँड्रॉइड फोनवरून ४.३४ अब्ज युरोंचा दंड केल्यावर गुगलने तिथे अॅप्सचा परवाना वेगळा आणि विकतचा केला. आता ११-१२ हजारांत ३२ इंची टीव्ही विकणारा कारखानदार डोळ्यांसमोर आणा. एका टीव्हीमागे त्याला सुटतात किती? तो सुट्या प्ले स्टोअरसाठी फी भरेल, की फुकटचा संच घेऊन गप्प बसेल? लिंकिंग बंद झालं असं सांगून दुकानदाराने नुसत्या युरियाचा भाव वाढवला आणि बाटलीसह घेतला तर जुनाच भाव ठेवला, तर माझा मावसभाऊ बाटलीच उचलेल. आणि वर मला सांगेल की स्वतःच्या मर्जीने उचलली.

आयोगाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. फी असू नये असं म्हणणं म्हणजे गुगलने आपला माल फुकट वाटावा असं म्हणणं, आणि कोणताही स्पर्धा कायदा तसं सांगत नाही. प्रश्न फी असण्याचा नाही, फी आणि फुकट संच यांच्यातल्या दरीचा आहे. ती दरी किती राहते यावर या तडजोडीचं मोल ठरणार. आदेश बहुमताने झाला, म्हणजे आयोगातही सगळ्यांचं एकमत नव्हतं, हे मला आश्वासक वाटतं. पहिल्याच प्रकरणात सगळ्यांनी मान डोलावली असती तर जास्त काळजी वाटली असती.

आणखी एक बाजू वर्गात कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. तडजोड झाली म्हणून नुकसानभरपाईचा रस्ता बंद होत नाही. दुरुस्तीनंतरच्या कलम ५३ न खाली तडजोडीच्या आदेशानंतरही नुकसान झालेला पक्ष न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. वचनबद्धतेच्या आदेशाला ही वाट नाही. आणि दिलेला शब्द पाळला नाही, किंवा माहिती दडवली असं निघालं, तर आदेश मागे घेऊन चौकशी पुन्हा उभी राहू शकते, वर आयोगाचा खर्च म्हणून एक कोटीपर्यंत वसुली. एक कोटी! मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सर, कॉलेज रोडला एवढ्यात गाळासुद्धा येत नाही.” त्याला गप्प बसवलं, पण मुद्दा खोटा नव्हता. भीती आहे ती त्या एक कोटीची नाही, पुन्हा उघडणाऱ्या चौकशीची.

राखणदार कोण

तडजोड ही करण्यापेक्षा पाळून घेण्यात अवघड. याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट प्रकरणात आहे. मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकार आणि काही राज्यांनी खटला भरला, कारण विंडोजला इंटरनेट एक्सप्लोरर बांधून दिला जात होता. तिथलं लिंकिंगच. जून २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला, वर्षभराने अपिलात तो रद्द झाला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा वागल्याचा ठपका राहिला. मग नोव्हेंबर २००१ मध्ये तडजोड. तिथल्या कायद्याप्रमाणे तिच्यावर लोकांची मतं मागवली, तर तीस हजारांवर पत्रं आली. काही राज्यांनी तडजोड मान्य केलीच नाही, ती भांडत राहिली. २००२ मध्ये न्यायालयाने मंजुरी दिली, आणि अंमलावर लक्ष ठेवायला तीन तज्ज्ञांची तांत्रिक समिती नेमली गेली, तिला कंपनीचा सोर्स कोड पाहण्याची मुभा होती. पाच वर्षांची देखरेख लांबत लांबत मे २०११ मध्ये संपली.

आपल्याकडेही प्रस्तावावर हरकती मागवल्या जातात आणि देखरेखीसाठी आयोगाला बाहेरची माणसं नेमता येतात. ते अधिकार वापरले तरच कामाचे. मला विचाराल तर तडजोडीचा आकडा निम्मा केला असता तरी चाललं असतं, पण दर वर्षी किती टीव्ही कंपन्यांनी सुटा परवाना घेतला आणि काय फीने, एवढी एक ओळ लोकांपुढे ठेवण्याची अट हवी होती.

गेल्या महिन्यात एम. जी. रोडच्या त्या दुकानदारांकडे पंचवटीतले एक लॉजवाले बसले होते. सिंहस्थाच्या तयारीत खोल्यांसाठी टीव्ही बघत होते. मी मुद्दाम विचारलं, “दादा, प्ले स्टोअर आहे पण गुगलची बाकीची अॅप्स नाहीत, असा टीव्ही आलाय का कोणाचा?” दुकानदारांनी लॉजवाल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सर, गिऱ्हाईक गुगल मागत नाही. हॉटस्टार मागतं, आणि रिमोटवर यूट्यूबचं बटण मागतं.” लॉजवाल्यांना तेवढंही नको होतं. त्यांना वॉरंटी भिंतीला टांगलेल्या ब्रॅकेटसह हवी होती.

सत्राच्या शेवटी मी प्रश्न घातला : तुम्ही अंबडला टीव्ही जोडणारे लघुउद्योजक आहात, निम्मे टीव्ही प्ले स्टोअरसह आणि निम्मे दुसऱ्या एखाद्या फाट्यावरच्या अँड्रॉइडवर काढायचे आहेत, तर तडजोडीनंतर कोणता करार कराल? बहुतेकांनी कलमं लिहिली. दुपारी वडिलांच्या दुकानात बसणाऱ्या एका मुलीने लिहिलं, की पहिल्या निम्म्यांना ती फुकटचा पूर्ण संचच घेईल, कारण फी परवडणार नाही, आणि दुसऱ्या निम्म्यांसाठी गुगलकडे जाणारच नाही. दहापैकी आठ दिले. दोन कापले ते एवढ्यासाठी, की दुसऱ्या निम्म्यांत गुगलचं एकही अॅप नसलं तरच ती सूट लागू होते, हे ती लिहायला विसरली होती.